काउंटरमागे राहिलेला पासपोर्ट

परदेशातल्या हॉटेलात खोलीची किल्ली हाती पडण्याआधी पासपोर्ट द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो दोन मिनिटांत परत मिळतो, पण काही ठिकाणी ‘सकाळी घेऊन जा’ असं सांगून तो काउंटरमागच्या कप्प्यात ठेवला जातो. दमलेला प्रवासी या दोन्ही गोष्टींना एकच नियम समजतो आणि मान डोलावतो. त्यांची कुळं मात्र वेगळी आहेत. पासपोर्ट दाखवणं ही राज्यसत्तेची जुनी मागणी आहे. तो ठेवून घेणं ही हॉटेलवाल्याची सोय आहे, आणि आज त्या सोयीला काही आधार उरलेला नाही.

मागणी किती जुनी, ते कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दिसतं. नगराच्या कारभाराबद्दलच्या प्रकरणात धर्मशाळा चालवणाऱ्याने परक्या पंथाच्या वाटसरूंना वर खबर देऊनच उतरवून घ्यावं, असं सांगितलं आहे. घरमालकानेही आल्यागेल्याची वर्दी द्यायची. ती दिली नाही आणि त्या रात्री काही गुन्हा घडला, तर दोष त्याच्या माथी. रात्र सुखरूप गेली तरी तीन पण दंड. प्रवासाची मुद्रा, म्हणजे परवाना, एक माषक भरून मिळे, पण ती देण्यासाठी वेगळा अधिकारी होता. यजमानाचं काम खबर देण्यापुरतंच होतं. हीच कल्पना फ्रान्सच्या 1810 च्या दंडसंहितेत पुन्हा भेटते. खाणावळवाल्याने पाहुण्याचं नाव, धंदा आणि राहण्याचं ठिकाण वहीत उतरवलं नाही, चोवीस तासांहून जास्त आसरा दिला आणि त्या मुक्कामात पाहुण्याने गुन्हा केला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी खाणावळवाल्यावर येई. अशी वही ठेवण्याची सक्ती त्याआधी, 1791 च्या कायद्यानेच, झाली होती. दोन्हीकडे सत्तेला हवी होती ती माहिती, आणि ती न दिल्याचा भुर्दंड यजमानावर होता. पाहुण्याचा कागद अडकवून ठेवा, असं कुणी सांगितलं नव्हतं.

विसाव्या शतकातले कायदेही याच वाटेने गेले. इटलीच्या 1931 च्या पोलीस कायद्याचं 109 वं कलम आजही लागू आहे: ओळखपत्र असेल त्यालाच उतरवायचं आणि त्याची माहिती पोलिसांना कळवायची. शेंगेन कराराच्या 1990 च्या अंमलबजावणी-करारात 45 वं कलम आहे. परक्या देशाच्या पाहुण्याने नोंदीचा कागद स्वतः भरून सही करावी आणि वैध ओळखपत्र ‘सादर’ करावं, एवढंच ते म्हणतं. भारतात परदेशी पाहुण्याचा ‘सी फॉर्म’ चोवीस तासांत पाठवण्याची सक्ती होती. गोव्यातल्या छोट्या गेस्ट हाउसवाल्यांनाही हा फॉर्म तोंडपाठ असे. मग पासपोर्ट कप्प्यात गेला कसा? मला यामागे दोन कारणं दिसतात. एक म्हणजे हाताने लिहिण्याचा काळ. रात्री वीस पाहुणे आले तर कारकून प्रत्येकाचा क्रमांक, जन्मतारीख, व्हिसा सावकाश उतरवून घेणार, म्हणून पुस्तिका त्याच्याजवळ. दुसरं म्हणजे तारण. बिल चुकतं होईपर्यंत पाहुण्याचं सामान अडवण्याचा हक्क इंग्रजी कायद्याने खाणावळवाल्याला पूर्वीपासून दिला होता. ज्याच्यावाचून पाहुणा देश सोडू शकत नाही, अशी वस्तू आयतीच हाती आली की तीही तारण होऊन बसते.

पहिलं कारण आता संपलं आहे. पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी 44 चिन्हांच्या. वरच्या ओळीत देशाचा संकेत, आडनाव, मग नाव, आणि मोकळ्या जागी कोनासारख्या खुणांची रांग. खालच्या ओळीत क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत, प्रत्येकामागे पडताळणीचा एक अंक. या ओळी यंत्राने वाचण्यासाठीच छापलेल्या आहेत. पान यंत्रावर ठेवलं की काही सेकंदांत नोंद होते. दुसरं कारण भारतीय पासपोर्टला मुळातच लागू पडू नये. 1967 च्या पासपोर्ट कायद्याचं 17 वं कलम सांगतं की ही पुस्तिका कायम केंद्र सरकारच्या मालकीची आहे. जी वस्तू पाहुण्याची नाही, ती त्याच्या बिलाचं तारण कशी होईल? 2008 मध्ये सुरेश नंदा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर म्हटलं की पोलीस पासपोर्ट ताब्यात घेऊ शकले तरी तो अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट प्राधिकरणाचाच. परदेशातल्या हॉटेलवर हा निकाल बंधनकारक नाही, हे खरं. पण जे आपल्या पोलिसांनाही करता येत नाही, ते तिथल्या कारकुनाला सहज करू द्यावं का, हा प्रश्न उरतोच.

यावर सुरक्षेचा आक्षेप येतो, आणि तो मुंबईच्या वाचकाला हलका वाटणार नाही. पण मुंबईचाच दाखला पाहा. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याआधी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने 2006 मध्ये अमेरिकेत कायदेशीरपणे नाव बदलून घेतलं, त्या नावाचा खरा पासपोर्ट काढला आणि ताज हॉटेलमध्ये पाहुणा म्हणून राहून पाहणी केली. पासपोर्ट रात्रभर कप्प्यात ठेवला असता तरी काय कळलं असतं? वहीतली नोंद मागाहून माग काढायला उपयोगी पडते, आणि तेवढ्यासाठी पान पाहणं पुरतं. दुसरा आक्षेप असा की काही देश प्रत मागतात. जपानमध्ये तिथला पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची झेरॉक्स घेतात. ती जरूर द्यावी, पण यंत्रासमोर उभं राहून, आणि पुस्तिका लगेच परत घेऊन. तिसरा आक्षेप भिडेचा: एवढ्यासाठी वाद कशाला? कारण पुस्तिका हरवली तर नुकसान हॉटेलचं होत नाही. पोलिसांत तक्रार, मग दूतावास, आणि तातडीने हाती पडतो तो बहुधा मायदेशी परतण्यापुरताच चालणारा आपत्कालीन दाखला. पुढच्या देशाचा व्हिसा त्या हरवलेल्या पुस्तिकेतच चिकटवलेला असतो.