जावाचा भात, कुनैनची पुडी आणि बाबांचे ठोके

आजचा भाग रेकॉर्ड करायला बसायच्या आधी मी बाबांना फोन केला आणि एकच विचारलं, "सकाळची गोळी घेतली का?" ते वैतागून म्हणाले, "घेतली रे, घेतली." गेले चार महिने हा प्रश्न मी रोज विचारतोय. का, ते सांगतो. आणि ते सांगता सांगता आपण थेट जावा बेटावर जाऊन येऊ.

झालं असं, की बाबांना एट्रियल फिब्रिलेशन आहे. म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. ठोके बेताल पडतात, रक्त तिथेच रेंगाळतं, गुठळी होऊ शकते. ती गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका इतरांपेक्षा साधारण पाचपट. म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती.

मग एका तपासणीत त्यांचं ड जीवनसत्त्व निघालं ११. निदान २० तरी हवं असतं. झालं, बाबांना गुन्हेगार सापडला! त्यांनी 'ड'च्या पुड्या सुरू केल्या आणि रक्त पातळ करणारी गोळी गुपचूप बंद केली. औषधाच्या डब्यात न फोडलेल्या पट्ट्या आईला दिसल्या, तेव्हा आम्हाला कळलं. मी चिडलो. तर बाबा शांतपणे म्हणाले, "कमी पडलेलं जीवनसत्त्व दिलं की आजार जातो, हे तूच मागे तुझ्या त्या भागात सांगितलं होतंस ना?"

सांगितलं होतं. अर्धवट सांगितलं होतं. आज उरलेलं अर्धं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा डचांच्या ताब्यात होतं आणि तिथे बेरीबेरीने सैनिक, कैदी पटापट मरत होते. पाय लुळे पडायचे, अंगावर सूज यायची, हृदय फुगायचं, धडधडायचं आणि एक दिवस थांबायचं. तेव्हा सगळ्यांना वाटायचं, हा जंतूंचा आजार. ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तो जंतू शोधत होता. प्रयोगासाठी कोंबड्या पाळल्या होत्या. त्या अचानक लंगडायला लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला आणि म्हणाला, लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही! परत साधा, बिनसडीचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या चालायला लागल्या.

पण कोंबडी म्हणजे माणूस नव्हे. म्हणून फोर्डरमान या आरोग्य अधिकाऱ्याने १८९६-९७ मध्ये जावाच्या शंभरएक तुरुंगांची पाहणी केली. जिथे सडलेला पांढरा तांदूळ होता, तिथे ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी. जिथे कोंडा शाबूत होता, तिथे दहा हजारांत एकाला. आणि बघा, तो एवढ्यावर थांबला नाही. इमारत जुनी आहे का, हवा खेळती आहे का, गर्दी किती, हेही त्याने तपासलं. त्यांचा आजाराशी संबंध लागला नाही.

आइकमानला वाटत होतं, भातात विष आहे आणि कोंड्यात उतारा. १९०१ मध्ये त्याचा सहकारी ग्राइन्स म्हणाला, विष वगैरे नाही, काहीतरी कमी पडतंय. १९१२ मध्ये फुंकने त्याला 'व्हिटामिन' हे नाव दिलं आणि १९२६ मध्ये बटाव्हियातच यान्सेन आणि डोनाथ यांनी कोंड्यातून ते वेगळं काढलं. आज आपण त्याला बी-१ म्हणतो. आपल्या कोकण-गोव्याच्या उकड्या तांदळाची गंमत इथेच आहे. भात आधी उकडला की बी-१ दाण्याच्या आत मुरतं, मग सडला तरी बरंचसं टिकतं.

म्हणजे काढून घेतलं की आजार, परत दिलं की बरा. बेरीबेरीने फुगलेलं हृदय बी-१ च्या इंजेक्शनने काही तासांत सावरू शकतं. पुरावा असा असतो!

आता दुसरी गोष्ट, पण बेट तेच. १८६० मध्ये जावातल्या सेमारांग गावी विलेम आइंटहोवेन जन्मला. पुढे हॉलंडमध्ये त्याने हृदयाची वीज टिपणारं यंत्र बनवलं. वजन अडीचशे किलोंच्या पुढे, चालवायला पाच माणसं, आणि रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवलेले. हाच आपला ईसीजी. बेताल ठोके कागदावर दिसायला लागले. १९२४ मध्ये आइंटहोवेनला नोबेल मिळालं, १९२९ मध्ये आइकमानला.

आणि ते ठोके सरळ कसे करायचे? १९१२ मध्ये वेंकेबाख या डॉक्टरकडे एक डच व्यापारी आला. वसाहतीत राहिलेला, मलेरियासाठी कुनैन घेतलेला. म्हणाला, उद्या नियमित नाडी घेऊन येतो. आणि आला! एक ग्रॅम कुनैन घेतलं की पंचवीसेक मिनिटांत त्याची नाडी सुधारायची. पुढे १९१८ मध्ये फ्रायने त्याच सालीतल्या क्विनिडिनचा गुण दाखवला आणि अनेक वर्षं ते औषध वापरलं गेलं. नीट बघा, त्या व्यापाऱ्यात काही 'कमी' नव्हतं. कुनैन हे जीवनसत्त्व नाही, औषध आहे. हाच वेंकेबाख पुढे बेरीबेरीच्या हृदयाचाही अभ्यास करत होता. त्याच्यासाठी हे दोन वेगळे आजार होते. बाबांनी ते एकाच पुडीत बांधले.

मग 'ड'चं काय? ज्यांचं 'ड' कमी असतं, त्यांच्यात बेताल ठोके जास्त दिसतात, असं काही पाहण्यांत आढळलं. पण वय वाढलं, वजन वाढलं, आजारपणाने माणूस घरात बसला, की दोन्ही गोष्टी होतात. म्हणून देऊनच बघायला हवं. अमेरिकेत २५,००० हून जास्त लोकांना पाच वर्षं रोज 'ड' किंवा खोटी गोळी दिली. २०२१ मध्ये निकाल आला, एट्रियल फिब्रिलेशन होण्याच्या प्रमाणात फरक नाही. फिनलंडमधल्या सुमारे २,५०० जणांच्या अभ्यासात मात्र ते कमी झालेलं दिसलं. म्हणजे प्रश्न मिटलेला नाही. पण हे दोन्ही अभ्यास आजार होऊ नये म्हणून होते. झालेल्या आजारात गोळीऐवजी पुडी घ्या, असं त्यांतून निघत नाही.

बाबांची 'ड'ची कमतरता खरी आहे, हाडांसाठी ती भरायलाच हवी. पण ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक असते. ती रोज खाल्ली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि त्याने उलट ठोकेच बिघडू शकतात.

हे सगळं मी बाबांना तांदूळ निवडता निवडता सांगितलं. त्यांनी फोर्डरमानबद्दल दोनदा विचारलं. म्हणाले, "म्हणजे माझ्या केसमध्ये तुरुंगाच्या भिंती तपासायच्या राहिल्या." मग त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून गोळी त्याच रात्री परत सुरू झाली. पुडी रविवारी, गोळी रोज.

तुमच्या घरी असा औषधाचा डबा असेल, तर आज एकदा उघडून बघा. न फोडलेल्या पट्ट्या मोजा. काही बंद करायचं, बदलायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. भेटू पुढच्या भागात.