परभणी जिल्ह्यातील पगारी अंमल आणि वतनी दप्तर (१८५३–१९६७)

हैदराबाद संस्थानच्या राज्यकारभाराचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः १८६५ हे वर्ष प्रमाण धरतात. त्या वर्षी पहिल्या सालारजंगाने जिल्हाबंदी अमलात आणली, मक्तेदारांच्या जागी पगारी अधिकारी आणले, आणि तेथून संस्थानात आधुनिक नोकरशाहीचा आरंभ झाला, अशी मांडणी केली जाते. ही मांडणी चूक नाही. मात्र ती जिल्ह्याच्या व तालुक्याच्या कचेरीपुरतीच खरी आहे. परभणी जिल्ह्यातील एखाद्या रयतेच्या बाजूने पाहिले, तर तिच्या जमिनीचा कागद ज्याच्या हाती होता तो मनुष्य १८६५ पूर्वी वतनदार होता आणि १९५० सालीही वतनदारच होता. वरचा अंमल पगारी झाला आणि खालचे दप्तर वतनी राहिले, ही स्थिती जवळजवळ शंभर वर्षे टिकली. ती का टिकली आणि तिचा परिणाम कोणाला भोगावा लागला, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

येथे 'परभणी जिल्हा' म्हणजे जुना जिल्हा समजावा. परतूर तालुका १९८१ मध्ये नव्या जालना जिल्ह्यात गेला आणि हिंगोली, वसमत, कळमनुरी इत्यादी भागांचा १९९९ मध्ये स्वतंत्र हिंगोली जिल्हा झाला. जुन्या कागदांत हे सर्व तालुके परभणीखालीच आढळतात.

गावच्या लेखणीला या प्रदेशात केवढे महत्त्व होते याचा एक जुना दाखला पाथरीचा आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला होता, असे फरिश्ता सांगतो. पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. आपल्या पूर्वजांचे स्थान आपल्याकडे असावे म्हणून बुऱ्हाण निजामशहाने मोबदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, तो नाकारला गेला, आणि १५१८ मध्ये त्याने पाथरी बळाने घेतली. या हकीकतीत दंतकथेचा अंश किती हे बाजूला ठेवले, तरी एका गावाच्या कुलकर्णाशी असलेला संबंध दोन सुलतानांच्या युद्धाचे कारण म्हणून समकालीनांना पटण्यासारखा वाटत होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे मोगलांनी पाथरीला वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार केले. सतराव्या शतकाच्या मध्यास मुर्शिद कुलीखानाने दख्खनच्या महसुलाची नवी बांधणी केली, तीही पाटील-कुलकर्ण्यांना हाती धरूनच. अठराव्या शतकात मराठ्यांची चौथाई व सरदेशमुखी आणि निजामाचा वसूल असा दुहेरी अंमल चालू झाला. दोन सरकारांचे कामाविसदार व आमील एकाच गावावर येत. परंतु दोघांनाही हिशेब विचारावा लागे तो त्याच एका कुलकर्ण्याला. राज्ये बदलली की वरची माणसे बदलत, खालचे रुमाल तेच राहत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वरच्या बाजूस जी व्यवस्था होती, तिला व्यवस्था म्हणणे धाडसाचे ठरेल. पेशकार व पुढे दिवाण असलेल्या राजा चंदूलालच्या काळात महाल इजाऱ्याने देण्याची पद्धत सार्वत्रिक झाली होती. जो अधिक रक्कम आगाऊ देईल त्याला महाल मिळे, आणि त्याहून अधिक देणारा भेटला की पहिल्याला काढून टाकले जाई. ज्याला मराठवाड्यात आजही 'गुत्तेदार' म्हणतात, त्याच जातीचा हा इसम. पण त्याला त्या वेळचे नाव होते 'तालुकदार'. वसुलाच्या रुपयामागे दोन आणे हा त्याचा उघड मोबदला होता. उघड नसलेला मोबदला किती होता, हे गावच्या कुवतीवर अवलंबून असे. १८२० च्या अखेरीस रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने जिल्ह्यांवर युरोपियन अधिकारी नेमून गाववार जमाबंदी ठरविण्याचा प्रयत्न केला. १८२९ मध्ये नासिरुद्दौला गादीवर येताच त्याने ते अधिकारी काढवून घेतले आणि इजारा पुन्हा सुरू झाला. वऱ्हाडाकडील महाल तर एका पारशी पेढीकडे कर्जापोटी अडकले होते.

१८५३ साली हे सर्व एका टोकास गेले. कंपनी सरकारच्या मागणीवरून उभ्या केलेल्या हैदराबाद कंटिंजंट फौजेचा पगार थकला, आणि त्या थकबाकीपोटी वऱ्हाड, धाराशिवकडील मुलूख व रायचूर दोआब इंग्रजांच्या हवाली करावा लागला. या फौजेची एक छावणी हिंगोलीस होती. ज्या फौजेच्या खर्चाने वऱ्हाड गेले तिचे शिपाई परभणीच्या मुलखात राहत होते, आणि पैनगंगेच्या पलीकडे आता इंग्रजी कमिशनरांचा अंमल दिसू लागला होता. तहानंतर लगेच, वयाच्या चोविसाव्या वर्षी, सालारजंग दिवाण झाला. त्याच्या सुधारणांमागे लोककल्याणाची दृष्टी नव्हती असे नाही. तथापि मुलूख गहाण पडणे थांबवायचे असेल तर वसूल खजिन्यात आला पाहिजे, हा निकड निर्माण करणारा विचार अधिक प्रबळ होता असे आम्हांस वाटते.

सालारजंगाने काय केले, हे 'तालुकदार' या एका शब्दाच्या इतिहासातूनच उलगडते. त्याने शब्द टाकला नाही. शब्दातला मनुष्य बदलला. इजारदार तालुकदारांना क्रमाक्रमाने दूर करून त्याच पदनामाचे पगारी अधिकारी नेमले गेले. १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर अव्वल तालुकदार हा जिल्ह्याचा मुख्य अधिकारी झाला, त्याच्या हाताखाली दुय्यम व सोयम तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार, आणि गावांची फिरती तपासणी करणारा गिरदावर अशी उतरंड बसली. (अयोध्येकडे 'तालुकदार' म्हणजे मोठा जमीनदार, उत्तरेकडील ग्रंथ वाचून हैदराबादचा इतिहास लिहिणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते.) देशमुख व देशपांडे यांच्याकडून परगण्याच्या वसुलीचे काम काढून घेण्यात आले आणि त्याबदल्यात त्यांना 'रुसूम' नावाची रोख नेमणूक बांधून दिली. म्हणजे मधल्या थरातील वतनदारांना सरकारने पैसे देऊन कामावेगळे केले. १८७५ नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व आकारणी सुरू झाली. सर्व्हे नंबर पडले, सेतवार तयार झाली, आणि खातेदाराचा सरकारशी थेट संबंध निदान कागदावर प्रस्थापित झाला. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोहसिन-उल्-मुल्क यांच्यासारखे कसलेले अधिकारी या कामात होते. त्यांच्या आगमनातून मुल्की-गैरमुल्की हा वाद उत्पन्न झाला, तो संस्थानच्या अखेरपर्यंत मिटला नाही.

सुधारणेचा हात परगण्यापर्यंत पोचला आणि तेथेच थांबला. गावी महसुलाचा माली पाटील, बंदोबस्ताचा पोलीस पाटील आणि हिशेबाचा पटवारी हे तिघे वंशपरंपरागत राहिले. मॅक्स वेबरने आधुनिक नोकरशाहीचे जे लक्षण सांगितले आहे, त्यातील एक भाग येथे उपयोगी पडतो : कचेरीचे कागद व साधने अधिकाऱ्याच्या मालकीची नसतात, आणि कचेरी त्याच्या घरापासून वेगळी असते. अव्वल तालुकदाराच्या बाबतीत १८६५ नंतर हे खरे ठरले. पटवाऱ्याच्या बाबतीत त्यातील एकही गोष्ट खरी नव्हती. त्याला स्वतंत्र कचेरी नव्हती. दप्तर त्याच्या घरात, त्याच्याच रुमालात बांधलेले असे. तो सरकारला उत्तरदायी होता, पण त्याचे पद सरकारने दिलेले नसून बापाकडून आलेले होते. वतन असलेला मनुष्य अज्ञान असो, परगावी असो, त्याच्या नावाने गुमास्ता काम करी आणि वतन अबाधित राही.

त्यात भाषेचा प्रश्न मिसळला. संस्थानच्या कचेऱ्यांची भाषा आधी फारसी होती. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. गावचा कागद मात्र मराठीत, मोडी लिपीत लिहिला जाई. परभणीच्या कचेरीत बसलेला अधिकारी बहुधा मोडी वाचू शकत नसे. कुणब्याला उर्दू येत नसे, आणि बहुतेकांस मोडीही नाही. या दोन टोकांच्या मध्ये जे थोडे लोक दोन्हीकडचे समजू शकत, त्यांत पटवारी प्रमुख होता. पहाणीच्या वेळी शेतात काय पेरले, कोण वहिवाटतो, खरवड किती, हे तो नोंदवी. गिरदावर त्याची तपासणी करी, पण तपासणीचे साहित्यही पटवाऱ्याचेच असे. जमाबंदीला तहसीलदारासमोर रयत काय बोलते याचा अर्थ तोच सांगे, आणि हुकुमाचा अर्थ रयतेला सांगणाराही तोच. अशा माणसाला वरच्या सुधारणांनी दुबळे केले नाही. उलट, कागदांची संख्या जितकी वाढली तितके त्याचे मोल वाढले. इजाऱ्याच्या काळात दंडुक्याने वसूल होत असे, आता नोंदीने होऊ लागला. आणि नोंद त्याच्या हातची.

कालगणनेची अडचणही याच प्रकारची आहे, आणि संशोधकाला ती आजही भोवते. कचेरीचे कागद फसली सनात आहेत. अखेरच्या काळातील हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी, आजूर महिन्यापासून सुरू होई. फसली सनात ५९० मिळविले की वर्षारंभीचा इसवी सन येतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा. खुर्दाद महिन्यातील कागदास मात्र ५९१ मिळवावे लागतात. हे न पाहता केलेल्या रूपांतरात एक वर्षाची चूक राहते, आणि कुळाच्या वहिवाटीच्या वादात एक वर्ष फार असते.

दिवाणी मुलखाची ही स्थिती. जहागिरी गावांत तर तालुकदाराचा हातही पोचत नसे. जहागीरदाराचे स्वतःचे कारकून व वसुली कामगार असत. संस्थानने १९२१ मध्ये न्यायखाते कार्यकारी अधिकारापासून अलग केले, आणि या बाबतीत ते ब्रिटिश हिंदुस्थानच्या पुढे होते, याचा योग्य गौरव केला जातो. जिल्ह्याच्या माथ्यावर ही प्रगती घडत असताना पायथ्याशी पटवाऱ्याचे दप्तर घरातच होते, हे त्याबरोबर सांगितले जात नाही.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर बदलांचा वेग वाढला. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. त्याच सुमारास, १३५८ फसलीत, हक्कनोंदीचा विनियम आला. १९५० मध्ये कुळवहिवाटीचा कायदा झाला. १९५४ च्या कायद्याने इनामे व रोख नेमणुका, म्हणजे सालारजंगाच्या वेळचे रुसूमही, रद्द होण्याची वाट मोकळी झाली. अव्वल तालुकदार कलेक्टर झाला. कुळवहिवाट कायद्याने संरक्षित कुळाला जो हक्क दिला, तो हक्क सिद्ध होणार होता वहिवाटीच्या नोंदीवर. आणि नोंद करणारा अद्याप वतनदारच होता. तो बहुधा स्वतः जमीनधारक, किंवा जमीनधारकांच्या गोतातला. कसणाऱ्याचे नाव पहाणी पत्रकात चढले की नाही, खासरा पत्रकात (१९५४-५५) ते राहिले की नाही, यावर कायद्याचे फळ अवलंबून होते. मराठवाड्यातील कुळकायद्याच्या यशापयशाची चर्चा कलमांच्या आधारे पुष्कळ झाली आहे. त्या कलमांना ज्या कागदातून जावे लागले, त्या कागदाच्या मालकीची चर्चा मात्र क्वचितच होते. ज्या सरकारने कुळाला मालक करण्याचे ठरविले, त्याने नोंदणीचे काम ज्याचे हितसंबंध विरुद्ध असू शकत होते अशा माणसाकडे तसेच राहू दिले. हा दोष हेतूचा नव्हता, क्रमाचा होता : लेखणी पगारी होण्याआधी कायदा झाला.

लेखणी पगारी झाली ती १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यानंतरच्या वर्षांत. पटवाऱ्याच्या जागी बदलीपात्र तलाठी येऊ लागला. महसुली पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने १ जानेवारी १९६३ पासून नष्ट झाले. मे १९६२ मध्ये जिल्हा परिषद स्थापन होऊन विकासाची बरीच कामे कलेक्टरकडून निघाली. त्याच वर्षीच्या पदनामकोशाने कलेक्टरला 'जिल्हाधिकारी' केले, आणि १९६५ पासून मराठी ही राजभाषा झाली. म्हणजे गावचा व जिल्ह्याचा कागद प्रथमच एका भाषेत आला, परंतु तोवर मोडी वाचणारे विरळ होऊ लागले होते. १३१७ फसलीचा महसूल कायदा मात्र महाराष्ट्र राज्य होऊनही सात वर्षे टिकला. १५ ऑगस्ट १९६७ रोजी जमीन महसूल संहिता लागू झाली तेव्हा तो गेला. त्याच वर्षीच्या ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाच्या वंशपरंपरेचाही शेवट केला.

या दप्तराला अलीकडे अनपेक्षित महत्त्व आले. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातील निजामकालीन खासरा पत्रके, पहाणी पत्रके व कुळ नोंदवह्या तपासण्यात आल्या, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची निकड भासली. त्या वादाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु या नोंदी कोणी, कोणत्या पदावर असताना, कोणाच्या घरात बसून लिहिल्या, हे पाहिल्याखेरीज त्यांचा पुरावा म्हणून उपयोग करणे अपुरे आहे. वसुलासाठी लिहिलेल्या कागदात जातीचा रकाना पटवाऱ्याने किती काळजीने भरला असेल, हा प्रश्न त्यात येतोच. एकाच गावाची मोडी प्रत आणि तहसिलीतील उर्दू प्रत शेजारी ठेवून, नोंद नोंदीशी ताडून केलेले काम पदव्युत्तर प्रबंधास पुरेसे आहे. सुरुवात पाथरी किंवा जिंतूर तालुक्यातील एखाद्या खालसा गावापासून करावी, आणि जहागिरी गाव दुसऱ्या टप्प्यात घ्यावे.