कॉम्प्युटर स्क्रीनचं रेडिएशन: भीती कशाची बाळगायची?

अहेरीत आपले सरकार सेवा केंद्र चालवणारी मुलं-मुली दिवसभर स्क्रीनसमोर बसून असतात. दाखले, सातबारा, शिष्यवृत्तीचे फॉर्म असं काहीतरी सतत सुरूच. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हटल्यावर त्यांच्यापैकी बरेच जण मला विचारतात, "दादा, या स्क्रीनच्या रेडिएशनने काही होतं का?"

भीती आली कुठून?

जुन्या डबा मॉनिटरमध्ये काचेची पिक्चर ट्यूब असायची. तिच्यात हजारो व्होल्टच्या दाबाने इलेक्ट्रॉन काचेवर आदळायचे. त्यातून थोडे क्ष-किरणही तयार व्हायचे, पण काचेतलं शिसं ते अडवायचं. काळजीपोटी स्वीडनने १९९० मध्ये 'एमपीआर २' हे मॉनिटरचं मानक आणलं. पुढे १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की मॉनिटरच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे आरोग्याला अपाय होत असल्याचा पुरावा नाही.

आजची स्क्रीन

एलसीडी, एलईडीमध्ये ती ट्यूबच नाही, त्यामुळे क्ष-किरणांचा प्रश्नच मिटला. उरतं ते विजेच्या कोणत्याही उपकरणाभोवती असतं तसं क्षेत्र. कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याच्या जागी ते जास्तीत जास्त ०.७ मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं. सामान्य लोकांसाठी ५० हर्ट्झची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे किती फरक, बघा!

मग डोळे का चुरचुरतात?

कारण स्क्रीनकडे एकटक बघताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात. उपाय सोपा: दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली ठेवा, मानेलाही आराम पडेल.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात?

हे रेडिएशन नाही, हा करंट आहे! पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून थोडा करंट लोखंडी कॅबिनेटवर येतो आणि अर्थिंगमधून जमिनीत जातो. अर्थिंग नसेल, तर तो तुमच्या अंगातून वाट काढतो. तो बहुतेक वेळा किरकोळ असतो, पण आत वायर सुटली तर तेच कॅबिनेट जीव घेऊ शकतं. थ्री-पिन प्लगची मोठी पिन कधीच कापू नका. इलेक्ट्रिशियनकडून बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. ऑफिसमधला खरा धोका हा आहे.

आणि मोबाईल?

फोन स्क्रीनमधून नाही, अँटेनामधून रेडिओ लहरी सोडतो. टॉवर जितका लांब, तितकी फोन जास्त पॉवर लावतो. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना जंगलात रेंज कमी होते, तेव्हा फोन सगळा जोर लावत असतो. तरी ४जी फोनची कमाल पॉवर साधारण ०.२ वॅटच असते. भारतात २०१२ पासून फोनसाठी 'सार'ची मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे. तुमच्या फोनचा आकडा *#०७# डायल करून बघा. रेंज कमी असताना लांब बोलायचं असेल, तर इअरफोन लावा.

'अँटी-रेडिएशन' स्टिकरवर मात्र पैसे घालवू नका. त्याने खरंच लहरी अडवल्या, तर टॉवर गाठायला फोन उलट जास्त पॉवर लावेल. तेच पैसे अर्थिंगवर खर्च करा.