साचे मोडताना

गिरणगावच्या अस्ताचा इतिहास आपण बहुधा दोन चित्रांतून वाचतो. एक, 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप. आणि दुसरे, त्यानंतर दोन दशकांनी त्याच जमिनींवर उभे राहिलेले मॉल आणि मनोरे. या दोहोंच्या मध्ये एक दीर्घ कालखंड आहे. त्यात बंद दारांआड यंत्रे सुटी केली गेली, फोडली गेली आणि वजनावर विकली गेली. गिरणीचा खरा अंत या काळात झाला, असे मला वाटते. आणि नेमका तोच आपल्या लेखनात सर्वांत कमी आला आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी स्थापन केली आणि 1856 मध्ये ताडदेवला मुंबईतील पहिल्या कापडगिरणीचे उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांची यंत्रे या शहरात येत राहिली. गिरणीची इमारत यंत्रांच्या मापाने बांधली जाई. साच्यांचा हादरा सोसावा म्हणून साचेखाते बहुधा तळमजल्यावर, करवतीच्या दात्यांसारख्या छपराखाली असे. छपराच्या काचा उत्तरेकडे, म्हणजे सुतावर ऊन न पडता उजेड पडावा. सूतकताईची खाती मजल्यांवर असत. यंत्र सुट्या भागांनी येई आणि जागेवरच जोडले जाई. त्यामुळे ते बाहेर काढायचे, तर जोडणीचा क्रम उलटा चालवावा लागे.

मोडण्याच्या कामाचीही एक रीत असते. आधी निघते ते मोलाचे: मोटारींमधले तांबे, बेअरिंगांमधले पितळ आणि गनमेटल. मग पट्टे, रूळ, दंतचक्रे. पोलादी दांडे गॅसने कापता येतात. साच्याचे पाय आणि बाजूंच्या चौकटी मात्र बिडाच्या. बीड गॅसच्या ज्योतीने नीट कापले जात नाही, पण ते ठिसूळ असते. म्हणून ते घणाने फोडतात. वरच्या मजल्यांवरचे तुकडे चेनकप्पीने खाली उतरवायचे. शेवटी उरतात फरशीतले बोल्ट आणि शतकभराच्या तेलाचे काळे डाग.

हे सारे इमारत उभी ठेवून का झाले, याचे एक उत्तर कायद्यात आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्यास वाट दिली. मोकळी जमीन आणि शिल्लक चटईक्षेत्र वापरायचे, तर त्याचा मोठा हिस्सा सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी आणि घरबांधणीसाठी द्यावा लागणार होता. उभ्या इमारतींच्या आतल्या क्षेत्राला मात्र ही वाटणी लागू नव्हती. साहजिकच भिंती ठेवून आतले पोट रिकामे करणे मालकांच्या सोयीचे ठरले. साचेखात्यांत कार्यालये आली, करमणुकीची केंद्रे आली. पुढे 2001 च्या दुरुस्तीने वाटणीचा हिस्सा आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरताच उरवला आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मग भिंती राखण्याचेही कारण उरले नाही.

कामगारांच्या दृष्टीने मात्र यंत्र म्हणजे भंगार नव्हते. 1985 मध्ये कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे, अवसायनात निघालेल्या कंपनीच्या मालमत्तेवर कामगारांच्या थकलेल्या देण्यांना तारणधारक धनकोंच्या बरोबरीचे स्थान मिळाले होते. म्हणजे आत उभ्या असलेल्या साच्यात त्यांची न मिळालेली ग्रॅच्युइटी आणि पगारही उभा होता. त्याहून मोठी गोष्ट अशी, की यंत्रे जागेवर आहेत तोवर गिरणी ‘बंद’ असते, आणि बंद असलेले उघडू शकते. दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन केली, तेव्हा गिरण्या उघडा हीच मागणी होती. हक्काच्या घरांचा लढा पुढचा. या मागणीच्या बदलामागे रिकाम्या होत गेलेल्या खात्यांचा इतिहास आहे.

इथे लँकेशायरची आठवण होते. आपल्याकडची बरीचशी यंत्रे जिथून आली, त्याच प्रदेशात 1959 च्या कापूस उद्योग कायद्यान्वये जुनी चाती आणि माग सरकारी खर्चाच्या साहाय्याने मोडीत काढले गेले. तिथेही घणच चालले आणि तिथेही गावे ओस पडली. परंतु मोडणे हे जाहीर धोरण होते. त्याचा हिशेब होता, आणि नोकरी गमावणाऱ्या कामगारांच्या भरपाईचा करार त्याला जोडलेला होता. मुंबईत मोडणे घडले ते धोरण म्हणून नव्हे, आवराआवर म्हणून. ज्याला नाव नाही त्याची नोंद राहत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याची भरपाई मागता येत नाही.

सारेच साचे भट्टीत गेले असेही नाही. गिरण्यांनी टाकलेले कित्येक जुने माग भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग-शेडांमध्ये पुन्हा उभे राहिले. तिथे ते अधिक तास, कमी मजुरीवर आणि गिरणीतल्या संघटनेच्या संरक्षणाविना चालले. म्हणून कापडाचा धंदा बुडाला असे म्हणणे अर्धसत्य आहे. साचा टिकला, त्याच्याभोवती कामगाराने मिळवलेले हक्क तेवढे वाटेत गळून पडले.

मराठी साहित्याने गिरणीकडे पाठ फिरवलेली नाही. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ या कादंबरीच्या नावातच यंत्राचा भाग आहे. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये (1997) गिरणी रंगमंचावर नाही, संपानंतरचे घर आहे, आणि ते कलादृष्ट्या योग्यच आहे. पण या दोन कृतींच्या मध्ये जे घडले, म्हणजे धोटा थांबल्यावर त्याचे काय झाले, हे सांगणारे लेखन शोधावे लागते. ज्यांनी साचे चालवले ते आता वृद्ध आहेत. ज्यांनी ते फोडले त्या रोजंदारीच्या मजुरांना तर कोणी विचारलेलेच नाही. मौखिक इतिहासाचा प्रकल्प हाती घेणाऱ्या एखाद्या मराठी विभागाने या दोघांनाही गाठावे. साचेखाते, त्रासनखाते, बदली, भोंगा हे शब्द ज्यांच्या तोंडी सहज येतात, त्यांच्याकडून ती शेवटची पाळी ऐकायला आता फार वर्षे उरलेली नाहीत.