आनुभविक सूत्र

एखाद्या संयुगातील मूलद्रव्यांच्या अणूंचे सर्वांत लहान पूर्णांकी गुणोत्तर दाखवणाऱ्या सूत्रास आनुभविक सूत्र असे म्हणतात. ते रासायनिक विश्लेषणातून मिळालेल्या वस्तुमानाच्या टक्केवारीवरून काढले जाते. रेणूतील अणूंची प्रत्यक्ष संख्या त्यावरून कळत नाही. ग्लुकोज व ॲसिटिक आम्ल ही अगदी भिन्न संयुगे असली, तरी दोहोंत कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे गुणोत्तर १ : २ : १ असेच येते. क्रोमाइटसारख्या स्फटिकी खनिजात मात्र सुटे रेणू नसतात. तेथे आनुभविक सूत्र हेच खनिजाचे सूत्र ठरते.

उदाहरण : क्रोमाइट

भंडारा जिल्ह्यातील पवनी परिसरात क्रोमाइट हे क्रोमियमचे धातुक आढळते. शुद्ध क्रोमाइटमध्ये वस्तुमानाने लोह २४.९५%, क्रोमियम ४६.४६% आणि ऑक्सिजन २८.५९% असते. नमुना १०० ग्रॅमचा मानल्यास हेच आकडे ग्रॅममध्ये वाचता येतात. त्यांना अनुक्रमे ५५.८५, ५२.०० व १६.०० या अणुभारांनी भागले असता ०.४४७, ०.८९३ व १.७८७ मोल मिळतात. यांतील सर्वांत लहान संख्येने पुन्हा भागल्यावर १ : २ : ४ हे गुणोत्तर येते.

खाणीतला दगड इतका शुद्ध नसतो. त्यात लोहाची काही जागा मॅग्नेशियमने, तर क्रोमियमची काही जागा ॲल्युमिनियमने घेतलेली असते. शिवाय धातुकाच्या अहवालात क्रोमियमचे प्रमाण बहुधा ऑक्साइडच्या रूपात दिलेले असते. या ऑक्साइडात क्रोमियम केवळ ६८.४% असल्याने तो आकडा थेट धातूचा समजल्यास सारे गणित फसते.

पूर्णांक करताना

याच जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील खाणी मँगनीजसाठी प्रसिद्ध आहेत. मँगनीजच्या एका ऑक्साइडात धातू ६९.६%, तर दुसऱ्यात ७२.०% असतो. पहिल्यात मँगनीज व ऑक्सिजन यांचे गुणोत्तर १ : १.५ येते, त्यास २ ने गुणून २ : ३ मिळते. दुसऱ्यात १ : १.३३ येते, त्यास ३ ने गुणावे लागते व ३ : ४ मिळते. १.३३ चे सरळ १ करणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक होय. त्यातून निराळेच संयुग हाती येते. विश्लेषणात दोन-अडीच टक्क्यांची चूक झाली, तरी एक ऑक्साइड दुसऱ्यासारखा भासतो.

मर्यादा

कायनाइट व सिलिमनाइट ही दोन्ही खनिजे भंडारा जिल्ह्यात सापडतात. दोहोंत ॲल्युमिनियम, सिलिकॉन व ऑक्सिजन २ : १ : ५ याच प्रमाणात असतात. त्यांच्यातील भेद अणूंच्या मांडणीत असल्याने तो टक्केवारीतून दिसत नाही. त्यासाठी क्ष-किरण विवर्तनासारख्या पद्धतींचा आधार घ्यावा लागतो.