कफलिंक आणि सदऱ्याची सोन्याची बटणं

कफलिंक म्हटलं की आपल्याला साहेब आठवतो. पण जळगाव-धुळ्याकडे सदऱ्याला सोन्याची बटणं लावायचे, बारीक साखळीनं एकमेकांना जोडलेली, ती आठवा. तत्त्व तेच. कापडाला दोन्हीकडे काजं; बटण शिवायचं नाही, अडकवायचं, आणि सदरा धुवायला टाकताना काढून डबीत ठेवायचं.

फरक सोन्यात आहे. कफलिंकच्या दांडीवर ताण येतो. म्हणून विलायतेत ९ आणि अमेरिकेत १४ कॅरेटचं, म्हणजे तांबं-चांदी मिसळून कडक केलेलं सोनं चालतं. आपल्याकडे कापसाचा पैसा सराफाकडे जायचा तो ठेव म्हणून. अडीनडीला मोडता यावं, यासाठी २२ कॅरेटच हवं.

चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. बटणाच्या मजबुतीला खरं तर हे सोनं बरं! पण गिऱ्हाइकानं पाठ फिरवली आणि देशभर असंख्य सोनारांचं काम गेलं. पुढे ती अट उठली, नियंत्रणाचा कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. कॅरेट सरकारनं बदललं; बटण म्हणजे अंगावरची बचत, हा घरातला हिशेब काही बदलला नाही.