चिखल्याचा आठवडा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि राजघराणी उभी राहतात. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या तांबड्या आकड्यालाही इतिहास आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. सहा दिवस राबायचे आणि सातव्या दिवशी बाजाराला, सोयऱ्याकडे, नाहीतर देवाला जायचे, हे आज आपल्याला सूर्य उगवण्याइतके साहजिक वाटते. तसे ते नाही. ती सुट्टी कुणीतरी मागून, भांडून मिळवलेली आहे. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातले चिखला हे मँगनीजच्या खदानीचे गाव आहे. त्याच्या निमित्ताने ही हकीकत आज पाहू या.

सात वार आपल्याकडे जुनेच आहेत. सागर जिल्ह्यातल्या एरण गावी बुधगुप्त राजाच्या काळचा एक शिलास्तंभ आहे. त्यावर इ. स. ४८४ मधली आषाढातली तिथी कोरलेली असून सोबत गुरुवारही नोंदलेला आहे. पण वार ठाऊक असणे वेगळे आणि वाराची सुट्टी असणे वेगळे. शेतकऱ्याचे काम चाले पावसावर, आणि विसावा मिळे चंद्रावर. अमावास्येला नांगर धरायचा नाही, हा कितीतरी गावांतला रिवाज. बैलांचा पोळा येतो तोही अमावास्येलाच. आठवड्याकडे काम होते ते मुख्यतः बाजाराचा दिवस सांगण्याचे.

मग खदान आली. १८९६ साली इंग्रज भांडवलदारांनी मध्य प्रांतात खनिजे शोधण्यासाठी एक सिंडिकेट काढले. पुढे त्याचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मॉर यांनी हिंदुस्थानातल्या मँगनीजवर १९०९ साली जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात चिखल्याच्या खनिजाचेही वर्णन आहे. मँगनीजवाचून चांगले पोलाद होत नाही. त्यामुळे इथला काळा दगड आगगाडीने बंदराला आणि तिथून जहाजाने परदेशी जाऊ लागला. नांगर सोडून माणसे घण-पहार धरू लागली. पण खदानीला ना पावसाळा, ना अमावास्या! १९०१ साली खाणींचा कायदा झाला खरा, पण तो अपघात आणि तपासणी यांच्यापुरता होता. माणसाने किती दिवस राबावे, यावर त्यात चकार शब्द नव्हता.

त्याआधीच मुंबईत हा प्रश्न ऐरणीवर आला होता. गिरणीतल्या लोकांना ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजारांची सभा झाली, आणि त्या सभेत दोन कामगार बायाही उभे राहून बोलल्या! त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. पुढच्याच वर्षी कारखान्यांच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टीचे कलम आले.

खदानीपर्यंत मात्र हे वारे पोचायला तीस वर्षांवर काळ गेला. पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली आणि १९२१ साली तिने आठवड्याच्या विश्रांतीचा ठराव केला. १९२३ साली हिंदुस्थानने तो मान्य केला. त्याच वर्षीच्या खाण कायद्यात प्रथम लिहिले गेले की आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम घेऊ नये. तास ठरले जमिनीवर साठ आणि जमिनीखाली चौपन्न. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्याने ते दोन्हीकडे अठ्ठेचाळीसवर आणले. १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी निघाली, तिच्यात एक्कावन्न टक्के वाटा सरकारांचा होता. १९७७ मध्ये उरलेला भागही सरकारने घेतला. आज ती 'मॉईल' नावाने ओळखली जाते.

आता त्या सातव्या दिवसाचे माणसाने केले काय? फार मोठे काही नाही. बाजारातून भाजी आणि मिरची आणली, पोराला चप्पल घेतली, गोबरवाहीहून गाडी धरून तुमसरला जाऊन आला. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. पाव्हणे येतात, लेकी माहेरी येतात, रात्री दंडार रंगते. महाशिवरात्रीला गायमुखची यात्रा असतेच. असले लहानसहान जाणे-येणे ग्रंथात सापडत नाही. पण ज्या माणसाचा एकही दिवस स्वतःचा नाही, त्याला सोयरे कसले आणि यात्रा कसली?

मात्र दोन गोष्टी विसरून चालणार नाही. एक म्हणजे रोजंदारीच्या माणसाची. त्याची सुट्टी कायद्यात असली तरी त्या दिवसाची मजुरी बुडत असेल, तर तो दिवस उपासाचा ठरतो. दुसरी गोष्ट बायांची. माल निवडण्याचे, डोक्यावर वाहण्याचे काम खदानीत त्यांनीही केले. जमिनीखाली उतरायला त्यांना १९५२ च्या कायद्याने मनाई होती. २०१९ साली अटी घालून ती सैल केली. पण घरचे काय? पुरुषाच्या सुट्टीच्या दिवशी बाईच्या वाट्याला आठवड्याची धुणी, सारवण आणि पाव्हण्यांचा स्वयंपाक येतो. लोखंड्यांच्या सभेत त्या दोघी बोलल्या, त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. पण घरातली सुट्टी अजून मागायची राहिलीच आहे.

शिक्षकबंधूंनो, एक काम सुचवतो. वर्गातल्या मुलांना सोमवारपासून रविवारपर्यंत घरात कोण कधी उठले, कुठे गेले, काय काम केले ते वहीत लिहायला सांगा. मग घरच्या आजीला विचारून तिच्या तरुणपणचा आठवडा शेजारच्या पानावर लिहायला सांगा. दोन पाने जोडून वाचली की गावाचा इतिहास मुलांच्या हाती येईल. आणि आईच्या रकान्यात सुट्टीची जागा कोरी दिसली, तर ती का कोरी आहे, हेही त्यांना विचारा.